कंपवात, लेव्होडोपा आणि सेरोटोनिन : मद्रासच्या शोधापुढील अपुरे काम

मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र प्रयोगशाळेतील एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी या दोन संशोधकांनी १९३७ साली एका रानवेलीच्या बियांपासून एक अमिनो आम्ल वेगळे केले आणि त्याचा अहवाल ब्रिटनमधील 'बायोकेमिकल जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही वेल महाराष्ट्रात खाजकुयली म्हणून परिचित आहे. संस्कृत ग्रंथांत तिला कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात, तर तमिळमध्ये ती पूनैक्काली या नावाने ओळखली जाते. बियांतून मिळालेले द्रव्य होते लेव्होडोपा. पार्किन्सन विकारावर त्याचा उपयोग होईल, याची त्या वेळी कोणालाही कल्पना नव्हती. त्यानंतर तीस वर्षांनी हेच द्रव्य या विकारावरील सर्वांत प्रभावी औषध ठरले आणि आजही त्याचे ते स्थान कायम आहे.

मात्र या औषधाची एक दुसरी बाजूही आहे. काही वर्षांच्या उपचारानंतर अनेक रुग्णांच्या शरीरात नको असलेल्या, आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू होतात. या हालचालींमागे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित पेशींचा मोठा हात असल्याचे गेल्या दोन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. त्यातून काही जुन्या आणि स्वस्त औषधांच्या नव्या उपयोगाची शक्यताही पुढे आली आहे. ही शक्यता रुग्णापर्यंत पोहोचण्यात अडसर आहे तो केवळ विज्ञानाचा नाही. संशोधनाच्या अर्थकारणाचाही आहे.

विकाराचे स्वरूप आणि व्याप्ती

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. आयुर्वेदात कंपवात या नावाने अशाच लक्षणांची नोंद आढळते. हातापायांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि तोल सांभाळण्यातील अडचण ही त्याची प्रमुख लक्षणे होत. मेंदूच्या तळाशी 'सबस्टँशिया नायग्रा' नावाचा गडद रंगाचा एक लहान भाग असतो. तेथील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करून हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांना पुरवितात. या पेशी हळूहळू नष्ट होतात. लक्षणे स्पष्टपणे दिसू लागेपर्यंत त्यांतील सुमारे निम्म्या पेशी नाहीशा झालेल्या असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा विकार होता. वाढते वय हा त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के आणि तमिळनाडूत १०.४ टक्के होते. मुंबईतील पारशी समाजाच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ३२८ रुग्ण आढळले होते. या समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण लक्षात घेता, वृद्धत्वाकडे झुकणाऱ्या राज्यांना या आकड्यातून पुढील काळाची सूचना मिळते.

सर्पगंधेपासून लेव्होडोपापर्यंत

या उपचाराच्या इतिहासात आणखी एक भारतीय वनस्पती येते, ती म्हणजे सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे क्रियाशील द्रव्य वेगळे केले. रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो, असे १९५५ मध्ये आढळून आले. त्यामुळे प्राण्यांमध्ये दिसणारी निश्चलता सेरोटोनिनच्या अभावामुळेच येत असावी, असा समज झाला.

स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये हा समज खोडून काढला. रेसर्पिन दिलेल्या निश्चल सशांना सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य देऊन उपयोग झाला नाही. डोपाचे इंजेक्शन देताच मात्र ते पुन्हा हालचाल करू लागले. याचा अर्थ हालचालींसाठी डोपामिन आवश्यक होते. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तीव्र कमतरता असल्याचे सिद्ध केले आणि १९६७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत डोपा देऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना उठते-चालते केले.

डोपामिन थेट देता येत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडथळा ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा तो ओलांडते आणि मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिनमध्ये रूपांतर होते. सोबत कार्बिडोपा दिल्यास हे रूपांतर मेंदूबाहेर होत नाही, मळमळ कमी होते आणि लेव्होडोपाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी घटते. हे संयुक्त औषध भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत समाविष्ट आहे.

लाभाबरोबर येणारी अडचण

उपचाराच्या सुरुवातीच्या वर्षांत रुग्णाला एका गोळीचा परिणाम दीर्घकाळ जाणवतो. नंतर हा काळ आखूड होत जातो. गोळीचा प्रभाव असताना शरीर मोकळे, तर तो ओसरताच पुन्हा ताठर, असे चढउतार सुरू होतात. प्रभाव शिखरावर असताना मान, खांदे, हात, पाय किंवा धड वळवळू लागते, झोके घेऊ लागते. या अनैच्छिक हालचालींना 'डिस्कायनेशिया' म्हणतात. चार ते सहा वर्षांच्या लेव्होडोपा उपचारानंतर सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये त्या आढळतात, असा वैद्यकीय साहित्याचा साधारण निष्कर्ष आहे. तरुण वयात विकार जडलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक असते.

मूळ विकारातील कंप आणि औषधामुळे होणाऱ्या या हालचाली भिन्न आहेत. घरच्या माणसांना हा फरक सहज लक्षात येत नाही. 'आजार वाढला' असे समजून एखादी गोळी वाढविली जाते आणि हालचाली अधिकच वाढतात. कमावत्या व्यक्तीला काम सोडावे लागते. गिरणीत, दुकानात, वर्गात किंवा बसथांब्यावर लोकांच्या नजरा चुकविणे भाग पडते. घरातील दुसऱ्या व्यक्तीचा, बहुधा पत्नीचा किंवा सुनेचा, दिवसाचा मोठा भाग शुश्रूषेत जातो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमांची नोंद होत नाही, परंतु कुटुंबाच्या उत्पन्नावर त्यांचा परिणाम निश्चितपणे होतो.

सेरोटोनिन पेशींची भूमिका

लेव्होडोपापासून डोपामिन तयार करणारे विकर केवळ डोपामिन पेशींमध्येच असते असे नाही. सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींमध्येही तेच विकर असते, कारण सेरोटोनिन बनविण्यासाठी त्यांना त्याची गरज असते. या पेशी मेंदूच्या दांड्यातील 'राफे' नावाच्या केंद्रांत असतात आणि त्यांचे तंतू हालचाली नियंत्रित करणाऱ्या भागापर्यंत पोहोचतात. मनःस्थिती, झोप आणि भूक यांच्याशी त्यांचा संबंध असतो. पार्किन्सन विकारात त्यांचीही काही हानी होते. तथापि, डोपामिन पेशींच्या तुलनेत त्या बऱ्याच टिकून राहतात.

डोपामिन पेशी मोठ्या संख्येने नष्ट झाल्यावर बाहेरून आलेले लेव्होडोपा या सेरोटोनिन पेशी घेतात, त्याचे डोपामिन करतात, सेरोटोनिनबरोबरच ते सूक्ष्म पिशव्यांत साठवितात आणि बाहेर सोडतात. एका अर्थाने त्या बंद पडलेल्या पेशींचे काम चालवितात. परंतु त्यांच्याकडे दोन महत्त्वाच्या सोयी नसतात. बाहेर किती डोपामिन साचले आहे हे ओळखून पुरवठा थांबविणारा ग्राही त्यांच्यापाशी नसतो, तसेच जादा डोपामिन परत आत खेचणारा वाहकही नसतो.

गावातील शिधावाटप दुकान बंद पडले आणि त्याचा माल शेजारच्या कापडदुकानातून वाटला जाऊ लागला, अशी कल्पना करावी. धान्य लोकांपर्यंत पोहोचते, मात्र नोंदवही नाही आणि वजनमापही नाही. माल आला की भरमसाट वाटप, संपला की खडखडाट. लेव्होडोपा रक्तात फार काळ टिकत नाही. त्याचे प्रमाण सुमारे दीड तासात निम्मे होते. त्यामुळे प्रत्येक गोळीबरोबर मेंदूत डोपामिनची लाट येते आणि ओसरते. या लाटांनी हालचालींच्या केंद्रातील पेशी अतिसंवेदनशील बनतात आणि अनैच्छिक हालचाली सुरू होतात.

सेरोटोनिन पेशींवर 'वन-ए' आणि 'वन-बी' या प्रकारचे ग्राही असतात. ते उद्दीपित झाले की या पेशींचा स्राव मंदावतो. म्हणजे ज्या दुकानात डोपामिनसाठी नोंदवही नाही, तेथे सेरोटोनिनची नोंदवही आहे. तिचाच वापर करून वाटपावर लगाम घालता येईल, हा या संशोधनाचा मुख्य विचार होय.

पुरावा आणि त्याच्या मर्यादा

या विचाराला बळकटी देणारा महत्त्वाचा प्रयोग स्वीडनमध्ये झाला. मानोलो कार्ता आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले की, पार्किन्सनसदृश अवस्थेतील उंदरांच्या सेरोटोनिन पेशी निकामी केल्यास किंवा वरील दोन ग्राही एकत्रितपणे उद्दीपित केल्यास लेव्होडोपामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली जवळजवळ नाहीशा होतात. माकडांवरील प्रयोगांतूनही त्याला दुजोरा मिळाला. मानवातील पुरावा अनपेक्षित दिशेने आला. गर्भपेशींचे मेंदूत प्रत्यारोपण केलेल्या काही रुग्णांमध्ये औषध बंद असतानाही अशा हालचाली होत असत. अशा दोन रुग्णांच्या प्रत्यारोपित भागात सेरोटोनिन पेशींची मोठी वाढ झाल्याचे २०१० मध्ये लंडनमधील संशोधकांना आढळले. बस्पिरोन हे 'वन-ए' ग्राहीवर काम करणारे औषध अल्प मात्रेत दिल्यावर त्यांच्या हालचाली कमी झाल्या.

बस्पिरोन हे चिंताविकारावर अनेक वर्षे वापरात असलेले जुने औषध आहे आणि त्याचे पेटंट केव्हाच संपलेले आहे. लेव्होडोपाजन्य हालचालींवर ते उपयोगी पडू शकते, असे १९९४ मधील एका लहान अभ्यासातही आढळले होते. एल्टोप्रॅझिन या दुसऱ्या द्रव्याच्या एका मात्रेने २२ रुग्णांमध्ये हालचाली कमी झाल्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. २०२३ मध्ये एनएलएक्स-११२ या द्रव्याच्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्षही आशादायक होते.

तथापि, सर्व चाचण्या यशस्वी झाल्या, असे नाही. सॅरिझोटान हे याच तत्त्वावरचे औषध मोठ्या चाचण्यांत प्लासिबो गोळीपेक्षा सरस ठरू शकले नाही आणि २००६ मध्ये पार्किन्सनसाठी त्याचा विकास थांबविण्यात आला. अडचण तत्त्वातच दडलेली आहे. सेरोटोनिन पेशींचा स्राव फार दाबला, तर लेव्होडोपाचा लाभही कमी होतो आणि रुग्ण पुन्हा ताठरतो. लगाम किती खेचावा हे प्रत्येक रुग्णागणिक ठरवावे लागेल. हे ठरविण्यासाठी मोठ्या, दीर्घकालीन आणि काटेकोर चाचण्यांची आवश्यकता आहे.

आज उपलब्ध असलेले मार्ग

सध्या डॉक्टर प्रथम लेव्होडोपाची मात्रा विभागून देतात आणि इतर औषधांशी तिचा मेळ घालतात. अमँटाडिन हे औषध या हालचाली कमी करण्यासाठी वापरले जाते. त्याचा इतिहास बोधप्रद आहे. मुळात ते फ्लूवरील औषध. ते घेत असताना पार्किन्सनची लक्षणे कमी झाल्याचे अमेरिकेतील एका महिला रुग्णाने डॉक्टरांना सांगितले आणि १९६९ मध्ये त्याचा हा उपयोग प्रसिद्ध झाला.

निवडक रुग्णांसाठी मेंदूतील ठराविक बिंदूला विद्युत उद्दीपन देणारी शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. तिच्यामुळे औषधाची मात्रा घटविता येते. चेन्नईला या शाखेची जुनी परंपरा आहे. डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात मेंदूशल्यचिकित्सेचे काम सुरू केले. पुढे डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम आणि डॉ. टी. एस. कनक यांच्यासह त्यांनी मेंदूतील सूक्ष्म बिंदूंवरील शस्त्रक्रियांचा पाया घातला. परंतु आजच्या उद्दीपन शस्त्रक्रियेचा खर्च काही लाख रुपये असल्याने बहुसंख्य रुग्णांना ती परवडत नाही.

खाजकुयलीच्या बियांकडेही संशोधक पुन्हा वळले आहेत. मुंबईत १९७० च्या दशकात तिच्यावर वैद्यकीय अभ्यास झाला. लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बियांच्या चूर्णाचा परिणाम लवकर सुरू झाला, अधिक काळ टिकला आणि अनैच्छिक हालचालीही वाढल्या नाहीत. निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी रुग्णांची संख्या फार कमी होती. शिवाय बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण जातीनुसार आणि जमिनीनुसार बदलते. 'वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही' या समजुतीने डॉक्टरांना न विचारता चूर्ण घेणे म्हणजे लेव्होडोपाची अज्ञात मात्रा घेणेच होय.

लेव्होडोपा सुरू करण्याचीच भीती बाळगणेही चुकीचे आहे. घानामधील रुग्णांना औषधाच्या तुटवड्यामुळे लेव्होडोपा उशिरा मिळते, इटलीतील रुग्णांना लवकर मिळते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन्ही देशांत अनैच्छिक हालचाली विकाराच्या साधारण सारख्याच टप्प्यावर सुरू झाल्याचे दिसले. विकाराचा कालावधी आणि वजनाच्या प्रमाणात दिली जाणारी मात्रा हे घटक निर्णायक होते; उपचार किती वर्षे चालला हा घटक नव्हता. घानातील रुग्णांची चालती-फिरती वर्षे मात्र वाया गेली.

संशोधनाचे अर्थकारण

नव्या रेणूवर पेटंट मिळते, म्हणून कंपन्या त्यावर खर्च करतात. जुन्या, पेटंटमुक्त औषधाचा नवा उपयोग सिद्ध करण्यासाठी चाचण्यांचा खर्च जवळपास तेवढाच गंभीर असतो, पण त्याचा लाभ ते औषध बनविणाऱ्या सर्वच उत्पादकांना मिळतो. त्यामुळे पहिले पाऊल कोणीही उचलत नाही. अर्थशास्त्रात यालाच सार्वजनिक वस्तूची समस्या म्हणतात. अमँटाडिनचे मंद गतीने विरघळणारे नवे रूप २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते जुन्या गोळीपेक्षा कित्येक पट महाग आहे. बस्पिरोनसारख्या औषधावरील लहान अभ्यास मात्र मोठ्या चाचण्यांत क्वचितच रूपांतरित होतात. एनएलएक्स-११२ च्या प्राथमिक चाचणीलाही रुग्णहितासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांनी अर्थसाहाय्य दिले होते.

औषधांच्या वितरणात सार्वजनिक हस्तक्षेप काय साध्य करू शकतो, याचे उदाहरण चेन्नईतच आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने जेनेरिक औषधांची केंद्रीय खरेदी करून ती सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य पुरविण्याची पद्धत रूढ केली. इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले. खरेदीच्या बाबतीत जे घडले, ते संशोधनाच्या बाबतीतही घडू शकते. भारतात रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, जेनेरिक औषधनिर्मितीची क्षमता आहे आणि मेंदूविकारांची अनुभवी केंद्रे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने चेन्नई, मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांतील रुग्णालयांत पेटंटमुक्त औषधांच्या बहुकेंद्री चाचण्या हाती घेता येतील. खाजकुयलीच्या प्रमाणित चूर्णाचाही त्यात समावेश करता येईल.

रुग्ण आणि कुटुंबांसाठी

संशोधनाचे फलित हाती येण्यास वेळ लागेल. तोपर्यंत काही गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. रुग्णाने गोळीची वेळ, तिचा परिणाम सुरू होण्याची आणि ओसरण्याची वेळ, तसेच अनैच्छिक हालचाली केव्हा होतात, याची नोंद ठेवल्यास डॉक्टरांना मात्रा ठरविणे सोपे जाते. प्रथिनयुक्त आहार काही रुग्णांमध्ये लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतो; त्यामुळे जेवण आणि गोळी यांतील अंतराबाबत सल्ला घ्यावा. औषध अचानक बंद करणे धोकादायक असते. नैराश्यावरील अनेक औषधे सेरोटोनिनवर परिणाम करतात आणि पार्किन्सनच्या काही औषधांबरोबर त्यांचा संयोग अपायकारक ठरू शकतो. म्हणून रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी प्रत्येक डॉक्टरला दाखविणे आवश्यक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सन विकाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास कायद्याने दिलेल्या सवलतींसाठी रुग्ण पात्र ठरतो. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना लागू झाले आहे. मात्र या योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचा खर्च प्रामुख्याने रोजच्या गोळ्यांचा असतो आणि तो आयुष्यभर चालतो. ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नियमित मिळणे हा या विकाराच्या नियोजनातील पहिला टप्पा ठरावा.

मद्रासच्या प्रयोगशाळेने १९३७ मध्ये आपला निष्कर्ष सर्वांसाठी खुला ठेवला. त्यावर कोणाची मक्तेदारी नव्हती, म्हणूनच पुढे तो जगाच्या उपयोगी पडला. लेव्होडोपाने रुग्णाला चालते केले; ती चाल त्याच्या ताब्यात ठेवण्याचे काम अद्याप बाकी आहे. सेरोटोनिनच्या अभ्यासाने त्याची दिशा दाखविली आहे. हे कामही सार्वजनिक निधीतून, खुल्या पद्धतीने आणि या देशातील रुग्णांना समोर ठेवून झाले, तर त्याचा लाभ ज्यांना महागडी शस्त्रक्रिया कधीच परवडणार नाही अशा कुटुंबांपर्यंत पोहोचू शकेल.